साखरेची पट्टी आणि रावजीमामाचं बोट

रत्नागिरीत समित्या फक्त मे महिन्यात येतात. नाही, आठवून बघा तुम्ही! जुलैत घाटात दरड कोसळलेली, छत्री उलटी झालेली, अशा वेळी विद्यापीठातून कुणी 'संशोधनाचा आढावा' घ्यायला आल्याचं ऐकलंय कधी? या लोकांना ज्ञानाची भूक लागते ती नेमकी आंबा पिकला की. त्यामुळे स्वरूप मयेकरचा सेन्सर बघायला समिती येणार असं पत्र आलं, तेव्हा तारीख कुणी विचारलीच नाही. नऊ मे. अजून काय असणार?

स्वरूप कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. म्हणजे तास आहे तोवर सर, घंटा झाली की कोणीच नाही. उरलेल्या वेळात तो रक्तातली साखर मोजायची पट्टी बनवायचा. औषधाच्या दुकानात मिळते, अगदी तीच. "मग विकतच आण की रे," असं त्याला रोज कोणीतरी सांगायचं आणि रोज त्याचे कान लाल व्हायचे. "ती बाहेरच्या तंत्रज्ञानावर चालते! ही आपली असेल!" मग तो समजवायला बसायचा, समोरच्याला गाडी पकडायची असली तरी. कार्बनच्या शाईची पट्टी. तिच्यावर एन्झाइमचा थेंब वाळवलेला. त्याला रक्ताचा टिपूस लागला की एन्झाइम त्यातली साखर पकडतं, तिच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, ते शाईतून पळत सुटतात, बारीकशी वीज वाहते आणि मशीनवर आकडा उमटतो. "रक्तात हजार भानगडी असतात हो. पण आपलं एन्झाइम ग्लुकोज सोडून कोणाला ओळखच दाखवत नाही. एकदम सिलेक्टिव्ह! फसणं माहीत नाही त्याला." हे तो असं सांगायचा की जणू एन्झाइमला यानेच बोट धरून बालवाडीत सोडलं होतं.

समितीने 'ठीक' म्हटलं तर दुसऱ्या वर्षाचा निधी आणि पीएचडी पुढे. नाही म्हटलं तर खुर्ची.

खुर्ची म्हणजे रावजीमामाच्या बर्फाच्या कारखान्यातली. मिरकरवाड्यात जेटीकडे वळलं की उजव्या हाताला मामाचा कारखाना. तिथे पावत्या फाडायच्या टेबलामागे एक निळी, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली खुर्ची गेली तीन वर्षं रिकामी होती. एक पाय आखूड, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. मामा ती दर रविवारी पुसायचा. स्वरूप दिसला की म्हणायचा, "भाच्या, वाट बघतेय हो तुझी. पावत्या फाडायला पीएचडी लागत नाय. पण असली तरी अडत नाय, मी चालवून घेईन."

त्या खुर्चीकडे स्वरूप बघतसुद्धा नसे. जेटीवर जायचं झालं तर पलीकडच्या, मासळीच्या पाण्याने चिकचिकलेल्या बाजूने जायचा. आणि नशीब बघा कसं असतं ते. एन्झाइमला लागतं गार! उन्हात दोन दिवस ठेवलं की मेलं. कॉलेजात फ्रिज होता, नव्हता असं नाही, पण तो स्टोअरकीपर महिपतच्या ताब्यात, आणि खालपासून वरपर्यंत कोकम सरबताच्या बाटल्यांनी भरलेला.

"एक कप्पा द्या महिपतभाऊ."

"देईन की. पण नोंद कुठे करू? काचसामानात बसत नाय हा तुमचा पदार्थ. रसायनात म्हणाल तर तुम्हीच म्हणता, मरतं. मरतं म्हणजे आधी जिवंत असणार ना सर?"

"अहो, तसं जिवंत नाही ते..."

"जिवंत नाय तर मरतं कसं? जिवंत असेल तर प्राण्यांच्या रजिस्टरात. त्याला वेगळ्या समितीची परवानगी लागते. आणा, मी कधी अडवलंय का तुम्हाला?"

आणि सरबत कुठल्या रजिस्टरात होतं? पण हे विचारायला पाठीला कणा लागतो, आणि तासिकेवरच्या माणसाला तो मिळत नाही. दुसऱ्या दिवशी स्वरूप थर्माकोलचा खोका काखेत मारून मामापुढे उभा.

मामा हसेल, टोमणा मारेल, खुर्चीवर बसवूनच सोडेल, अशी तयारी करून तो गेला होता. मामाने खोका उचलला, वजन बघितलं, झाकण उघडून आत नजर टाकली आणि म्हणाला, "बराच मोठा आहे की रे! ठेव की. आतल्या खोलीत ठेव. चावी माझ्याकडेच ठेवतो." खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. ज्या माणसाने सख्ख्या मेहुण्याला बर्फाची लादी कधी फुकट दिली नाही, तो एन्झाइमला अख्खी खोली देतो? पण शास्त्रज्ञांचं असंच असतं. रक्तातली साखर कळते, माणसाच्या जिभेवरची कळत नाही.

पुढचा घोळ दर्शनामामीने घातला. पट्टीवर एन्झाइमच्या जोडीला एक पिवळं रसायन लागतं, इलेक्ट्रॉनची ने-आण करायला; त्याचीही छोटी बाटली त्याच खोक्यात होती. पोटॅशियम फेरीसायनाइड. तसं गरीब रसायन आहे. पण मामी बारावी सायन्स. नाव वाचत वाचत शेवटापर्यंत गेली आणि अर्धंच धरून बाहेर आली.

"सायनाइड! अहो, माशांच्या बर्फात सायनाइड ठेवलाय तुमच्या भाच्याने!"

तासाभरात तीन होडीवाले दारात. एकाने तर बर्फ भरलेली पाटी परत आणून आपटली. स्वरूप त्यांना रेणूची रचना हातवाऱ्यांनी समजावत होता. लोखंड मध्ये, भोवती सहाजण हात धरून उभे, कोणी सुटून जात नाही, वगैरे. होडीवाले त्याच्याकडे जत्रेत चुकलेल्या पोराकडे बघावं तसे बघत होते. मिटवलं ते मामाने. शांतपणे लाल रंगाचा डबा आणला, खोक्यावर कवटी काढली, खाली लिहिलं, 'धोका. हात लावू नये.' आणि खोलीची चावी करगोट्याला बांधून म्हणाला, "आजपासून या खोलीत माझ्याशिवाय कोणी जायचा नाय. भाच्याचा खोका मी स्वतः बघणार."

आणि खरंच बघायला लागला! सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, चार वाजता एकदा. स्वरूपला भरून आलं. आईला म्हणाला, "मामा वरून फणस आहे गं, आतून..." आई म्हणाली, "आतून पण फणसच आहे. चिकटतो." पण घरातल्या बायकांचं विज्ञानात कोण ऐकतो?

आता मामाच्या साखरेचं सांगायलाच हवं. बारा वर्षं होती. आणि मामाचा हापूसवर जीव. मामी बोलून थकली, डॉक्टर लिहून थकले. शेवटी त्या वर्षीच्या शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा मामीने सगळ्या वाडीसमोर गुरवाकडून गाऱ्हाणंच घालून घेतलं. "बा देवा महाराजा! हा तुझा रावजी यंदा आंब्याला बोट लावणार नाय असा तुझ्यासमोर शब्द देता हाय. त्याची साखर ताळ्यावर आण रे महाराजा!" आणि अख्खी वाडी एका आवाजात, "होय महाराजा!" नारळ फुटला. मामा हात जोडून उभा, चेहरा असा की नारळ त्याच्याच डोक्यात फुटलाय. पण एप्रिल गेला, मे लागला, घरात पेट्यांवर पेट्या आल्या, मामाने खरंच बोट लावलं नाही. मामी सगळीकडे सांगत फिरायची. रिपोर्टही बरे येत होते. वाडीत मामाला साधूचा मान मिळायला लागला.

इकडे पट्ट्या छापायला स्वरूप गेला भावेशच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये. हा भावेश लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापतो. कार्बनची शाई बघून म्हणाला, "काळी? शुभकार्याला काळी नको रे. सोनेरी मारू? आणि कडेला जागा आहे, बारीक गणपती टाकतो." गणपतीतून वीज जाणार नाही हे पटवण्यात दुपार गेली. चौथ्या खेपेला पट्ट्या जमल्या. साखरेच्या पाण्यावर तपासल्या, आकडे बरोब्बर. स्वरूप त्या दिवशी जेटीवर खुर्चीच्या बाजूने गेला. मुद्दाम. मान वर करून.

आली नऊ मे.

समितीत तीन जण. त्यातले दोन मान हलवायला आलेले, बोलणारे एकटे अध्यक्ष. दहाची वेळ, साडेअकराला आले, आणि आल्या आल्या लॅबकडे नव्हे, स्टाफरूमकडे. तिथे सकाळपासून महिपत आणि ऑफिसातला क्लार्क बाबू पेट्या फोडून आंबे निवडत, कापत बसले होते. पाहुण्याला आंबा न देता कामाचं बोलणं म्हणजे आपल्याकडे अपमानच. अध्यक्ष म्हणाले, "कापलेला नको हो, चोखूनच मजा." चार चोखले. रस कोपरापर्यंत. मग हात धुवायला गेले तर नळाला पाणी नाही. मे महिन्यात कॉलेजच्या नळाला पाणी आलं तर बातमी होते. अध्यक्षांनी रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "चला, बघू तुमचं ते यंत्र."

लॅबमध्ये रावजीमामा आधीच येऊन बसला होता, सकाळच्या तपासणीचा ताजा रिपोर्ट घेऊन. खात्रीचा मधुमेही हवा होता ना तुलनेला. शेजारी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन मामी, राखणीला. मामा खुशीत होता. "भाच्या, खुर्ची कालच पुसली."

स्वरूपने बोट पुसायला स्पिरिट मागितलं. महिपत म्हणाला, "स्पिरिटला एक्साइजचं रजिस्टर, प्राचार्यांची सही. प्राचार्य आंबे पोचवायला स्टेशनवर." स्वरूप छाती काढून म्हणाला, "राहू दे! आपल्या एन्झाइमला फरक पडत नाही. सिलेक्टिव्ह आहे ते." कोरड्या कापसाने पुसायचं ठरलं. प्रत्येकाला वेगळा बोळा.

पहिला महिपत. बोट टोचलं, टिपूस पट्टीला लावला. आकडा चारशे अडतीस.

"म्हंजे किती आंबे... आपलं, म्हंजे किती वाईट?" महिपतने विचारलं.

"जेवणानंतर एकशेचाळीसच्या आत असायला हवी," स्वरूपने पुटपुटत सांगितलं. महिपत स्टुलावरून घसरून खाली बसला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याने न मागता फ्रिजची चावी काढून टेबलावर ठेवली. "ठेवा सर तुमचं काय ते. माझं आता काय खरं नाय."

मग बाबू. पाचशे दोन. बाबू अठ्ठावीस वर्षांचा, कबड्डी खेळणारा. "लग्न ठरलंय हो माझं!" एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

अध्यक्ष हसले. "मशीन घाबरट दिसतंय. माझं बघा, मी रोज पाच किलोमीटर चालतो." सहाशे बारा.

हसणं तिथेच वाळलं. सहाशे बारावर माणूस उभा असतो का, असतो तर किती वेळ, अशी चर्चा उरलेल्या दोन सदस्यांत सुरू झाली. हा त्यांचा दिवसभरातला पहिला संवाद. अध्यक्षांनी घरी फोन लावला. "अगं, ऐक. विम्याचे कागद कपाटात, मधल्या खणात. नाही, मी बरा आहे. म्हणजे बरा नाही. तू खण बघ."

स्वरूपने नवी पट्टी काढली. आता आशा एकच. मामा. हा खात्रीचा, आंबा वर्ज्य केलेला, हातात रिपोर्ट असलेला. रिपोर्टवर एकशेबारा. इथेही तेवढंच आलं तर बाकीच्यांचं काहीही असो, मशीन तरलं.

पाचशे सत्त्याऐंशी.

मामीने डबा खाली ठेवला. मामा म्हणाला, "बघलंस? मशीन खोटं. मी आधीच सांगितलं होतं. चल भाच्या, जेटीवर जाऊ."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जीव परत आला. मशीन खोटं म्हणजे आपण जिवंत! त्यांनी पेन काढलं आणि आनंदाने लिहायला घेतलं, "सदर उपकरण पूर्णतः..."

तेवढ्यात ठमाबाई आल्या. कॉलेजच्या सफाईच्या ठमाबाई, रिकामा ट्रे न्यायला. गर्दी बघून म्हणाल्या, "काय, साखर बघताव? माझी बघा की. फुकट हाय ना?" कोणाला नको होतं, पण स्वरूपचं डोकं चालेनासं झालं होतं, त्याने टोचलं. एकशेअठरा.

सगळे ठमाबाईंकडे वळले.

"यांनी आंबा नाही खाल्ला?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला कोण देताय आंबा? तुम्ही सगळ्यांनी सतरा बशा उष्ट्या केलाव, त्या मागच्या टाकीवर घासून आत्ता आलंय मी."

आणि तेव्हा, अगदी तेव्हा, स्वरूपच्या डोक्यात वीज वाहिली. बशा घासल्या! हात धुतले! अख्ख्या इमारतीत हात धुतलेला माणूस एकच! "सर!" तो ओरडलाच. "मशीन खोटं नाही! बोटावर आंबा आहे तुमच्या! आंब्याच्या रसात ग्लुकोज असतं, ते रक्तात मिसळतंय. एन्झाइमने बरोब्बर ओळखलंय हो, ते काय विचारतं का साखर कुठली म्हणून?"

अध्यक्षांनी आपल्या बोटांचा वास घेतला. पेन थांबलं. पण माणूस मुरलेला होता. "मान्य. पण मग या रावजीरावांचं काय? ते तर आंब्याला शिवत नाहीत म्हणता. मग यांच्या बोटावर काय, विज्ञान? यांनी आंबा खाल्ला असेल तर तुमचं म्हणणं खरं. नसेल तर मशीन खोटं. काय रावजीराव?"

बघा आता! भाच्याची पीएचडी, सगळीच्या सगळी, मामाच्या एका शब्दावर लटकलेली. स्वरूपने मामाकडे असं बघितलं की दगडालाही पाझर फुटावा. पण मामा दगड नव्हता, बर्फ होता. एकीकडे भाचा, दुसरीकडे गावदेव, वाडी, साधूपण आणि शेजारीच बसलेली बायको.

"मी यंदा आंब्याला बोट लावलेलं नाय," मामा छताकडे बघत म्हणाला. "देवासमोर शब्द दिलाय."

अध्यक्षांनी पेन पुन्हा टेकवलं.

"थांबा जरा," मामी म्हणाली. बारावी सायन्स ती इथे उपयोगी पडली. "स्वरूप, रक्त नको काढू. साधं पाणी आहे? शुद्ध?" बाटलीत डिस्टिल्ड वॉटर होतं. "आधी ठमाबाईंच्या बोटावर एक थेंब टाक. न टोचता. आता ते पट्टीला लाव." आकडा तीन. "आता यांचा दुसरा हात. तो टोचलेला नको, हा." मामाने हात मागे घेतला. मामीने पुढे ओढला. मासळीवाल्या घरची बाई, तिच्या हातून निसटणं सुरमईला जमत नाही. पाण्याचा थेंब अंगठ्यावर पडला, नखाच्या कडेने फिरला, पट्टीला लागला.

तीनशे एक्याण्णव. रक्ताचा टिपूस नाही!

"पाण्यालाच साखर झाली वाटतं तुमच्या," मामी इतकी गोड बोलली की स्वरूपच्या अंगावर काटा आला. मग तिचं लक्ष करगोट्याकडे गेलं. चावीकडे. दिवसातून तीन फेऱ्यांकडे. "स्वरूप, तुझ्या त्या कवटीच्या खोक्यात तुझं औषध किती आहे रे?"

"दोन बाटल्या, मामी. करंगळीएवढ्या."

"आणि खोका केवढा?"

मामाने छत सोडून जमिनीकडे बघितलं आणि पुटपुटला, "गार लागतो गो फार छान. आणि मी दोन फोडीच्या वर जात नाय. सकाळी एक, चारला एक. आज जरा... निघताना."

ठमाबाईंनी ट्रे उचलता उचलता सूर लावला, "होय महाराजा!"

असा आमच्या स्वरूपचा सेन्सर खरा ठरला. अध्यक्षांनी अहवाल लिहिला, चांगला लिहिला, दोन पेट्या गाडीत गेल्यावर आणखी चांगला लिहिला. दुसऱ्या वर्षाला मान्यता. अट एकच: 'चाचणीपूर्वी हात धुण्याची सोय असावी. सबब प्रथम प्रयोगशाळेत वॉशबेसिन बसवावे, तदनंतर निधी वितरित करावा.' वॉशबेसिनला तीन कोटेशनं लागतात. महिपतची साखर दवाखान्यात अठ्ठ्याण्णव निघाली, त्यामुळे फ्रिजची चावी त्याने त्याच संध्याकाळी परत नेली होती. कोटेशनचं रजिस्टरही त्याच्याकडेच. आज वर्ष होत आलं. दोन आलीत. तिसरा म्हणतो, नळाला पाणीच नाही तर बेसिन कशाला?

तोवर स्वरूप खुर्चीवर बसतो. तात्पुरता. हे 'तात्पुरता' तो पूर्वी 'सिलेक्टिव्ह' म्हणायचा तसंच म्हणतो. पावत्या फाडतो, एन्झाइम बर्फाच्या खोलीत, खोलीची चावी मामीकडे. रोज संध्याकाळी मामी येते, मामाच्या दहाही बोटांवरून पाण्याचा थेंब फिरवते आणि पट्टी लावते. जगातला हा एकमेव साखरेचा सेन्सर असेल ज्याला रक्त कसं असतं ते विसरायला झालंय. आकडा येतो दोन, नाहीतर तीन.

"सुधारले हो तुझे मामा," मामी कौतुकाने म्हणते. "तुझ्या मशीनची कमाल. खरं दाखवतं ना रे हे?"

टेबलाच्या खालच्या खणात, पावत्यांच्या गठ्ठ्यामागे, स्टीलचा एक चमचा असतो. चार वाजता तो बाहेर येतो, सालीसकट अर्धा हापूस वाटीत धरून मामा तो चमच्याने, बोटाला थेंब न लागू देता, अगदी शास्त्रोक्त खातो, आणि मग पुसून ठेवतो. स्वरूपच्या डोळ्यांदेखत. पहिल्याच दिवशी मामाने सांगून ठेवलंय, "बोललास तर बर्फ बंद."

स्वरूप एकदा खणाकडे बघतो. एकदा बर्फाच्या खोलीच्या दाराकडे बघतो. आणि पावती फाडता फाडता, मान वर न करता म्हणतो, "होय महाराजा."